हौसेने कातलेल्या लाकडी वस्तू विकायच्या का? ठरवण्याआधीच्या पायऱ्या

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून हत्याराने आकार देण्याच्या यंत्रावर, लाकूड कातायला शिकून वर्षभर झालं की घरात वस्तू साचायला लागतात. वाट्या, करंडे, पेनं, भोवरे, एखादी फुलदाणी. नातेवाइकांना देऊन झालेलं असतं, फडताळ भरलेलं असतं, आणि कुणीतरी म्हणतंच, “अरे, हे विकत का नाहीस?” या प्रश्नापाशी येऊन थांबलेल्या नवख्यांसाठी हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगतो. वस्तू किती देखणी झाली यावरून विकायचं की नाही हे ठरवू नका. तीच वस्तू दहाव्यांदा करताना मन लागतं का, आणि त्यावर घालवलेल्या तासांचे पैसे तुम्ही बिनसंकोच मागू शकता का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीचं आपोआप सुटतं. खालच्या पायऱ्या ती उत्तरं मिळवण्यासाठी आहेत. क्रम शक्यतो बदलू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीत लिहून ठेवलेल्या नोंदींवर उभी आहे. म्हणून एक साधी वही आजच सुरू करा.

पायरी १: कौतुक आणि मागणी वेगळी करा

“किती सुंदर! मला पण एक करून दे ना” हे वाक्य मागणी नसतं, प्रेम असतं. त्याचा मान ठेवा, पण त्यावर धंद्याचा अंदाज बांधू नका. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं की शांतपणे किंमत सांगा आणि निम्मे पैसे आगाऊ मागा. जे देतात ते गिऱ्हाईक. जे विषय बदलतात त्यांच्यावर रागवायचं कारण नाही, फक्त त्यांचं नाव मागणीच्या पानावर येणार नाही. वहीत तीन रकाने करा: काय मागितलं, कोणी मागितलं (घरचा की परका), आगाऊ रक्कम दिली का. दोन-तीन महिन्यांत परक्या माणसांच्या पाच नोंदीही झाल्या नसतील, तर सध्या विक्रीचा विचार बाजूला ठेवा आणि कातत राहा.

पायरी २: एकच वस्तू सहा वेळा करा

हौसेचं कातकाम लाकूड सांगेल तसं चालतं. गाठ आली, आकार बदलला. भिंत पातळ झाली, वाटीची थाळी झाली. विक्रीत ही मोकळीक फार कमी उरते. गिऱ्हाइकाने फोटोत पाहिलेली वाटीच त्याला हवी असते, आणि सहा हव्या असल्या तर सहाही एकमेकींत बसणाऱ्या.

म्हणून एक परीक्षा घ्या. साधी वस्तू निवडा: लाटणं, छोटी वाटी, कुंकवाचा करंडा. पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा कापा, व्यास मोजायचा कॅलिपर जवळ ठेवा आणि सहा नग करा. व्यासात नि उंचीत २ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नको. प्रत्येक नगाला लागलेला वेळ लिहा: ठोकळा कापणं, खडबडीत कातणं, शेवटचं कातणं, पॉलिश पेपर मारणं, तेल-मेण लावणं. कातण्याला जेवढा वेळ जातो जवळजवळ तेवढाच पॉलिश पेपरला जातो, हे बहुतेकांना इथे पहिल्यांदा लक्षात येतं. हत्यारांची धार नीट असेल तर ८० नंबरच्या खरखरीत पेपरऐवजी १५० च्या बारीक पेपरपासून सुरुवात करता येते, आणि हा वेळ बराच कमी होतो.

वेळेसोबत मनाचीही नोंद ठेवा. चौथ्या नगाला कंटाळा आला का? की चौथ्या नगापासूनच हाताला लय सापडली? काही माणसांना एकसारखं काम करण्यात खरोखर समाधान मिळतं. आपल्याकडचे कातारी आणि सावंतवाडीचे चितारी पिढ्यानपिढ्या असंच काम करत आले. तुम्ही तसे नसाल तर त्यात कमीपणा काही नाही. मग एकच एक नग, तोही मनासारखा झाला तरच विकणं, हा मार्ग तुमच्यासाठी उरतो.

पायरी ३: वस्तूला एक पावसाळा आणि एक उन्हाळा दाखवा

घरात ठेवलेली वस्तू वाकडी झाली तर आपण तिला पुन्हा लेथवर चढवतो. विकलेली वस्तू वाकडी झाली तर गिऱ्हाइकाचा फोन येतो. म्हणून ही पायरी मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो आणि घाईत असलेल्यांना इथेच थांबायला सांगतो.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडातला ओलावा सुमारे १७-१८ टक्क्यांवर स्थिरावतो. २५ टक्के आर्द्रतेच्या कोरड्या उन्हाळ्यात तो ५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणजे जुलैत रत्नागिरीला केलेला करंडा मे महिन्यात नागपूरला पोचला, तर त्याच्या अंगातून बरंच पाणी निघून जातं. लाकूड आकसतं, आणि सगळीकडे सारखं आकसत नाही. लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, पण वर्षवलयांच्या कडेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने. सागवान या बाबतीत शांत लाकूड, तरी १०० मिलीमीटरचं झाकण एवढ्या फरकात एका दिशेने २ मिलीमीटरच्या पुढे आणि दुसऱ्या दिशेने १ मिलीमीटर घटतं. गोल कातलेलं झाकण लंबगोल होतं. डबी आणि झाकण दोन्ही लंबगोल झाल्यावर ते एकाच जागी बसतं, फिरवलं की अडकतं. पावसाळ्यात घट्ट बसवलेलं झाकण उन्हाळ्यात खडखडतं आणि उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं पावसाळ्यात उघडतच नाही.

उपाय जुनेच आहेत. ओलं लाकूड असेल तर वाटी आधी जाड कातून ठेवायची. १० इंच व्यासाला साधारण १ इंच भिंत. उभ्या रेषेच्या कडांना, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात तिथे, मेण लावायचं म्हणजे तिथून पाणी भसकन निघून चिरा पडत नाहीत. मग सावलीत, वारा थेट लागणार नाही अशा जागी ठेवून दर आठवड्याला वजन करायचं. वजन काही आठवडे हललं नाही की शेवटचं कातायचं. झाकणाच्या वस्तू विक्रीला ठेवायच्या असतील तर झाकण जरा सैलच बसवा आणि गिऱ्हाइकाला ते का सैल आहे हे सांगा. कळलं की लोकांना आवडतं.

आंब्याच्या लाकडाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवख्यांच्या हाती तेच पहिलं येतं. स्वस्त, कातायला मऊ, रेषा देखण्या. पण त्याला बुरशीचे काळे-निळे डाग पटकन पडतात आणि भुंगाही लवकर लागतो. वस्तू कागदावर ठेवून द्या. काही महिन्यांत खाली पिठासारखी पूड दिसली तर आत कीड आहे, आणि ती वस्तू विकायची नाही. शेजारच्या वस्तूही तपासा.

विकण्याजोगी वाटते त्या प्रत्येक प्रकारातली एक वस्तू निदान जून ते मेपर्यंत घरात वापरा. पोळपाट असेल तर रोज पोळ्या लाटा, वाटीत चिवडा ठेवा, पाण्याने धुवा.

पायरी ४: तासाचा हिशेब मांडा

तुमच्या गावात चांगला सुतार दिवसाची मजुरी काय घेतो ते विचारा आणि ८ ने भागा. तोच तुमच्या तासाचा किमान भाव. समजा दिवसाचे १२०० रुपये, तर तासाला १५०.

आता ८ इंची वाटीचा हिशेब करून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वहीतून घ्या. लाकूड २०० रुपये, पॉलिश पेपर ६०, तेल-मेण ४०, वीज आणि हत्यारांची झीज मिळून २०. झाले ३२०. कातणं, घासणं, तेलाचे दोन-तीन हात, फोटो, पत्रव्यवहार असे साडेतीन तास धरले तर मजुरी ५२५. एकूण ८४५. पण दहा वाट्यांतल्या दोन वाळताना चिरतात किंवा शेवटच्या क्षणी फुटतात. त्या दोन वाट्यांचा खर्च उरलेल्या आठांनी सोसायचा, म्हणजे ८४५ च्या सव्वा पट, सुमारे १०५६. त्यात खोका आणि भरण ८०. वाटी ११३६ रुपयांना पडली. कुरिअर वेगळं. भेटवस्तूंच्या दुकानात ठेवली आणि दुकानदाराने ३५ टक्के कापले, तर तुमच्या हाती ११३६ यायला दुकानातली किंमत साधारण १७५० हवी.

हा आकडा पाहून पहिल्यांदा धक्का बसतो आणि मन म्हणतं, मजुरी सोडून देऊ, हौस तर आहे. इथे मला आग्रहाने सांगायचं आहे: मजुरी सोडू नका. ज्याच्या घरी पगार येतो त्याने हौसेपोटी ४०० रुपयांना वाटी विकली, तर कातकामावरच घर चालवणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक म्हणतं, “तिकडे तर चारशेला मिळते.” सावंतवाडीत, गोव्यातल्या कुंकळ्ळीला, कर्नाटकातल्या चन्नपट्टणला या कामावर पोट असलेली माणसं आहेत. आपल्या स्वस्ताईचा भार त्यांच्या ताटावर पडतो. वस्तू फुकट देणं उत्तम, पूर्ण किमतीला विकणं उत्तम. पण मजुरी सोडून विकणं मला पटत नाही.

उलट बाजूही पाहा. तुळशीबागेत किंवा कुठल्याही बाजारपेठेत मशीनवर कातलेलं लाटणं ज्या भावात मिळतं, त्या भावात तुमचं लाटणं कधीच बसणार नाही. त्यामुळे ज्या वस्तूत हाताचं काम दिसून येत नाही, ती विक्रीच्या यादीतून काढून टाका. उरतील त्या वस्तू थोड्या असतील: वेगळ्या रेषेच्या वाट्या, माप देऊन करून घेतलेल्या वस्तू, गिऱ्हाइकाच्या अंगणातल्या पडलेल्या झाडापासून केलेली आठवण. यातला शेवटचा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. आजोबांनी लावलेला फणस वादळात पडला आणि त्याची वाटी घरात राहिली, तर लोक किमतीत घासाघीस करत नाहीत.

पायरी ५: खेळणी, खाणं आणि लाकूड यांचे नियम

खेळण्यांचा नियम सगळ्यांत आधी वाचा, कारण बरेच जण नकळत तिथे अडकतात. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. भोवरा, खुळखुळा, लाकडी गाडी, भातुकलीची भांडी, सगळं यात येतं. केंद्रीय वस्त्र मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. म्हणून खेळणी विकायचीच असतील तर आधी त्या कार्यालयाच्या ‘पहचान’ कार्डाची चौकशी करा. ते मिळेपर्यंत भाच्याला भोवरा खुशाल द्या, पण विकू नका. दुसऱ्याच्या तान्ह्या मुलाच्या तोंडात जाणारी वस्तू आहे. रंगात काय आहे, तुकडा निघून घशात अडकेल का, याची जबाबदारी मोठी आहे.

‘चन्नपट्टण खेळणी’ हे नाव भौगोलिक मानांकनाने संरक्षित आहे. लाखेचे रंग तुम्हीही चढवू शकाल, पण ते नाव लावता येणार नाही.

अन्नाला लागणाऱ्या वस्तूंसाठी लाकूड आणि लेप दोन्ही पाहायचे. ज्या झाडाचं नाव खात्रीने माहीत नाही त्याची वाटी खाण्यासाठी विकायची नाही. कण्हेर विषारी, कोकणातला काजरा विषारी, बिब्ब्याने अंगाची आग होते. आंबा, फणस, बाभूळ, सागवान ही माहितीतली लाकडं. लेपात लाख दिसायला सुरेख, पण साधारण ७५ अंशांना ती मऊ पडते आणि मद्यात विरघळते. गरम चहाच्या कपाखाली पांढरं वर्तुळ उमटतं. त्यामुळे लाखेची वस्तू सुक्या मेव्यासाठी किंवा शोभेसाठीच म्हणून विका. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल लावायची घरगुती सवय आहे, पण ते सुकत नाही आणि काही महिन्यांत खवट वास मारतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणि मधमाशीचं मेण हे सोपं, वास न येणारं मिश्रण आहे. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या जवसाच्या तेलात ते लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, तेव्हा खाण्याच्या वस्तूला ते नको. आणि जवसाच्या तेलाचे फडके कधीही चोळामोळा करून टाकू नका. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता लाकूड. वखारीतून घ्या आणि बिल जपून ठेवा. विक्री सुरू केली की हा कागद लागतो. रस्त्याकडेला तोडलेलं झाड दिसलं म्हणून ते उचलायचं नसतं. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते आणि महापालिकेने तोडलेलं लाकूड महापालिकेचं असतं. सोसायटीच्या आवारातलं असेल तर सोसायटीचं पत्र घ्या. चंदन आणि रक्तचंदन यांच्या वाटेला नवख्याने जाऊच नये. शिसव परदेशी पाठवायचं असेल तर थांबा. शिसवाचा सगळा वंश २०१७ पासून वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहे. अमेरिकेतल्या मावशीला शिसवी करंडा पाठवण्याआधीही नियम विचारून घ्यावेत.

करांचं फार घाबरू नका. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते. ऑनलाइन बाजारात विकायचं असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय, फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन राज्यातल्या राज्यात माल विकता येतो. राज्याबाहेर पाठवायचं ठरलं की एकदा सीएला भेटा. उत्पन्न मात्र पहिल्या रुपयापासून वहीत लिहा आणि विवरणपत्रात दाखवा.

पायरी ६: शरीर आणि शेजार

लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. रविवारी दोन तास कातणारा आणि दिवाळीच्या ऑर्डरीसाठी रोज चार तास घासणारा यांच्या फुफ्फुसांत जाणारी धूळ सारखी नसते. चांगला मास्क, चेहऱ्यावर ढाल आणि धूळ ओढणारं यंत्र यांचा खर्च विक्रीच्या आधी करा, नफ्यातून नंतर नको. फ्लॅटमध्ये लेथ असेल तर खालच्या घरी जाऊन बोला. आठवड्यातून एकदा चालणारा आवाज शेजारी सोसतात, रोजचा सोसत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही.

पायरी ७: एकदाच, छोटी, ठरवून विक्री

इथवर आलात की मग विका. थोड्या वस्तू, दोन-तीनच प्रकार, एकच ठिकाण. सोसायटीचं दिवाळी प्रदर्शन, शाळेचा मेळावा, ओळखीच्या दुकानातला एक कप्पा. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईचा काळा घोडा महोत्सव ही मोठी ठिकाणं आहेत. तिथे आधी गिऱ्हाईक म्हणून जा, कातकामाच्या वस्तूंपाशी लोक काय उचलतात आणि काय हातात घेऊन परत ठेवतात ते बघा.

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावा: लाकडाचं नाव, लेप कोणता, खाण्यासाठी चालेल की शोभेसाठी, धुवायची कशी, भिजत का ठेवायची नाही. किंमत लिहूनच ठेवा म्हणजे तोंडाने सांगताना कमी होत नाही. कोणी घासाघीस केली तर छोटी वस्तू सुचवा, मोठीचा भाव पाडू नका. उधारी नको. संध्याकाळी परत आल्यावर किती विकलं यासोबत हेही लिहा की कोणती वस्तू विकली गेल्यावर वाईट वाटलं. तसल्या वस्तू पुढच्या वेळी नेऊ नका.

पायरी ८: ठरवा

वही उघडा. परक्यांची मागणी आहे, एकसारखं काम आवडतं, पूर्ण किमतीला माल गेला आणि वस्तूंनी पावसाळा काढला, असं चारही असेल तर व्यवसाय म्हणून सुरुवात करा. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे, वेगळं बँक खातं उघडा, आणि आठवड्यातला एक दिवस फक्त स्वतःसाठी कातायला राखून ठेवा. तो दिवस ऑर्डरीला दिला की नवे आकार सुचेनासे होतात आणि मालही हळूहळू एकसुरी होतो.

यातल्या दोन-तीनच गोष्टी जुळत असतील तर वर्षातून एक-दोन वेळा विका. लाकूड, चक (लेथवर लाकूड धरणारी पकड) आणि पॉलिश पेपर यांचा खर्च निघतो, घर रिकामं होतं, नवं करायला जागा होते. माझ्या मते बहुतेक हौशी माणसांसाठी हाच निर्णय योग्य आहे, आणि तो अर्धवट निर्णय नव्हे.

न विकायचं ठरलं तर तेही स्वच्छ सांगा. “मी ऑर्डरी घेत नाही, वाढदिवसाला आवडीने देतो” एवढं पुरतं. आणि ज्याला खरंच विकत हवं आहे त्याला सावंतवाडीच्या चितार आळीचा पत्ता सांगा. तिथे लाकडी फळांपासून पाट-पोळपाटापर्यंत सगळं मिळतं आणि माप दिलं तर करूनही देतात का, हे थेट कारागिरालाच विचारता येतं.